बुडापेस्ट कुठे आहे ते कुणीच सांगितलं नाही

गेल्या महिन्यात माझ्या पुण्याच्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. वर लिहिलं होतं, 'बायका आणि भूगोल'. पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले सहा चेहरे. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भाच्याला हे माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर पृथ्वीगोल फिरवत तो मोठा झाला. तरी त्याने तो व्हिडिओ टाकला, आणि मला वेगळा पाठवून खाली लिहिलं, "मामी, हे बघच."

मी बघितला. तेव्हापासून मनात जे साचलंय ते इथे सविस्तर लिहिते, कारण घरात बोलायला गेलं की 'मामी लगेच चिडते' एवढ्यावर विषय मिटतो.

व्हिडिओ जुना आहे, २००७ च्या नोव्हेंबरातला. अमेरिकेत 'आर यू स्मार्टर दॅन अ फिफ्थ ग्रेडर?' नावाचा कार्यक्रम लागायचा. मोठ्या माणसांना प्राथमिक शाळेतले प्रश्न विचारायचे आणि शेजारी पाचवीतली मुलं बसवायची. त्या दिवशी खुर्चीत होती केली पिकलर, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका लहान गावची एकवीस वर्षांची गायिका. प्रश्न तिसरीचा होता: बुडापेस्ट ही कोणत्या युरोपीय देशाची राजधानी? तिला वाटलं युरोप हाच एक देश आहे. फ्रान्स देश आहे का, अशीही तिला शंका आली. शेवटी तिने शेजारच्या मुलाचं उत्तर उसनं घेतलं. उत्तर होतं हंगेरी. ते नावही तिने कधी ऐकलेलं नव्हतं. प्रेक्षक हसले, सूत्रधार हसले, ती स्वतः हसली. मला आलेला व्हिडिओ तिच्या चेहऱ्यावरच संपतो.

त्या मुलीची बाजू मी घेत नाही. युरोप हा देश वाटणं वाईटच, आणि एकविसाव्या वर्षी तर फारच. माझ्या वर्गात कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला नकाशापुढे उभं केलं असतं आणि हातात पट्टी देऊन युरोपातला एकेक देश मोजायला लावला असता. मला खटकलं ते पुढचं. ग्रुपवर एकोणीस जणांनी हसणारे चेहरे टाकले. दीर म्हणाले, रूप दिलं की देव बुद्धी देत नाही. कुणीतरी तिच्या सोनेरी केसांवर विनोद टाकला. तो विनोद तिकडून इकडे आलेला आहे. आपल्याकडे सोनेरी केसांच्या बायका किती असतात? बुडापेस्ट कुठे आहे, हे एकोणिसांतल्या एकानेही लिहिलं नाही.

मग मी लिहिलं. बुडापेस्ट डॅन्यूब नदीवर आहे. नदीच्या पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेश्त. ही दोन गावं आणि उत्तरेचं ओबुडा मिळून १८७३ साली एक शहर झालं. डॅन्यूब जर्मनीत उगम पावते आणि काळ्या समुद्राला मिळते. वाटेत दहा देशांना स्पर्श करते आणि चार राजधान्यांमधून जाते: व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड. जगात दुसरी कुठलीही नदी चार राजधान्यांमधून वाहत नाही. मी हे सगळं टाइप केलं, नकाशाचा फोटो काढून जोडला. भाच्याचा निळा अंगठा आला. बाकी अठरा जणांकडून काही नाही.

माझी तक्रार एवढीच आहे आणि मला ती मोठी वाटते. टेलिव्हिजनला भूगोलाचा प्रश्न हवा असतो, नकाशा नको असतो. प्रश्न माणसाला पाडण्यापुरता असतो. एकदा ती बाई, तो खेड्यातला पोरगा, तो बिहारी पडला, की कॅमेऱ्याचं काम झालं. आणि पडणारा कोण असायला हवा, हे आधीच ठरलेलं असतं.

अमेरिकेतलंच बघा. त्या कार्यक्रमाच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, नॅशनल जिओग्राफिकने १८ ते २४ वयाच्या अमेरिकी तरुणांची पाहणी केली होती. इराकमध्ये अमेरिकेचं सैन्य उतरून तोवर तीन वर्षं झाली होती, रोज बातम्यांत इराक होता. तरी दर शंभरातल्या ६३ जणांना मध्यपूर्वेच्या नकाशावर इराक दाखवता आला नाही. निम्म्यांना स्वतःच्या देशाच्या नकाशावर न्यूयॉर्क राज्य सापडलं नाही. यात मुलगे होते, मुली होत्या, काळ्या, तपकिरी, सोनेरी सगळ्या केसांचे होते. हा आकडा व्हिडिओ होऊन कुणाच्या फोनवर आला नाही. एका मुलीचा चेहरा सतरा-अठरा वर्षं फिरतो आहे.

त्याच २००७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या किशोरींच्या सौंदर्यस्पर्धेत एकीला विचारलं गेलं की, पाचातल्या एका अमेरिकनाला जगाच्या नकाशावर आपला देश सापडत नाही असं म्हणतात, ते का? ती गोंधळली, वाक्यं एकमेकांत अडकली. तोही व्हिडिओ जगभर गेला आणि लोक पोट धरून हसले. प्रश्नातच देशाच्या शाळांबद्दल केवढी गंभीर गोष्ट सांगितली होती! ती कुणाच्या कानावर गेली नाही. अठरा वर्षांची मुलगी दिव्यांच्या झोतात अडखळली, तेवढंच राहिलं.

आणि नकाशाची जबाबदारी ज्यांची, त्यांचं काय? पिकलरचा कार्यक्रम फॉक्सवर लागायचा. त्याच घरातल्या फॉक्स न्यूज या बातम्यांच्या वाहिनीने २००९ च्या जुलैमध्ये मध्यपूर्वेचा नकाशा दाखवला, त्यात इराकच्या जागी 'इजिप्त' लिहिलेलं होतं. ती चूक खुर्चीत बसलेल्या घाबरलेल्या माणसाची नव्हती. पगार घेऊन, वेळ घेऊन, डोळ्यांखालून घालून ती पडद्यावर गेली होती. तो नकाशा करणाऱ्याच्या केसांचा रंग कुणी विचारला नाही. तो बाई होता की पुरुष, हेही नाही. पिकलर मात्र पुढे अमेरिकी सैनिकांपुढे गायला इराकला आणि अफगाणिस्तानला जाऊन आली. तिच्या वयाच्या ६३ टक्क्यांना जो देश सापडला नव्हता, तिथे ती उभी राहून आली. हे सांगणारा व्हिडिओ मला कुणी पाठवलेला नाही.

सोनेरी केस आणि मंद बुद्धी याबद्दल एकाने चक्क हिशोबही मांडला आहे. ओहायो राज्य विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जे झागोर्स्की यांनी २०१६ साली हजारो अमेरिकनांच्या बुद्धिमापन चाचणीचे गुण आणि त्यांनी स्वतः सांगितलेला केसांचा रंग ताडून पाहिला. सोनेरी केसांच्या गोऱ्या बायकांची सरासरी इतरांपेक्षा कमी निघाली नाही. किंचित जास्तच होती, पण तो फरक धरण्यासारखा नव्हता. विनोद त्यामुळे थांबले नाहीत. खरं कारण कुठे आहे ते माझ्यासारख्या शिक्षकाला दिसतं. तिकडे भूगोल हा विषयच मागे पडला. हार्वर्ड विद्यापीठाने आपला भूगोल विभाग १९४८ साली बंद केला. शाळांत तो सामाजिक शास्त्रांच्या गाठोड्यात गेला आणि गाठोड्याच्या तळाशी राहिला. ज्या मुलीला कुणी नकाशा दाखवलाच नाही तिला युरोप देश वाटला, तर त्यात केसांचा काय संबंध?

हे सगळं तिकडचं. इकडचं माझ्या घराजवळचं आहे आणि ते मला जास्त लागलं.

माझी एक विद्यार्थिनी होती. नाव लिहीत नाही. संग्रामपूर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. रोज एसटीने यायची. नकाशा भरण्यात तिचा हात असा होता की नद्या काढताना ती पेन्सिल उगमापासून मुखाकडेच न्यायची, उलट कधीच नाही. दहावीला भूगोलात तिला चाळीसपैकी सदतीस गुण होते. बारावीनंतर ती पुण्याला गेली. तीन वर्षांनी, महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी, पुण्यातल्या एका गर्दीच्या रस्त्यावर एका वाहिनीच्या माणसाने तिच्यापुढे माइक धरला.

तिने मला नंतर फोनवर सगळं सांगितलं. राज्याची उपराजधानी विचारली, तिने नागपूर सांगितलं. सर्वांत उंच शिखर विचारलं, तिने कळसूबाई सांगितलं आणि १६४६ मीटर हेही सांगितलं. गोदावरीचा उगम विचारला, तिने त्र्यंबकेश्वरजवळचा ब्रह्मगिरी सांगितला. लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात, हा तर तिच्या घरचाच प्रश्न. ती म्हणाली, "आमच्याच बुलडाण्यात आहे. मी सांगतो नं सर, ते उल्का पडून झालं, बेसॉल्ट खडकात. पाणी खारं आहे." मग शेवटचा प्रश्न: महाराष्ट्राच्या सीमेला लागून कोणती राज्यं? तिने बोटांवर मोजली. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्र प्रदेश, कर्नाटक, गोवा.

दुसऱ्या दिवशी वाहिनीने काय दाखवलं? दोन तुकडे. पहिला तुकडा, 'मी सांगतो नं'. दुसरा, 'आंध्र प्रदेश'. मध्ये म्हशीच्या हंबरण्याचा आवाज. खाली पिवळ्या पट्टीवर 'गावाकडची हुशारी'. सूत्रधार बाई म्हणाल्या, मुलगी असून स्वतःला 'सांगतो' म्हणते, हिला तेलंगणा कुठून माहीत असणार!

वऱ्हाडात बाई 'मी जातो, मी सांगतो' म्हणते. माझी आई म्हणायची, सासू म्हणायची, मी घरात आजही म्हणते. आमच्या बोलीत ते शुद्ध आहे. ते रूप आणि बुद्धी यांचा काय संबंध लावला त्या बाईंनी? पण हा संबंध मराठी पडद्यावर कधीचा लागलेला आहे. मालिकेत मालकाचा घरगडी असेल तर तो वऱ्हाडी बोलेल नाहीतर मालवणी. डॉक्टर, वकील, इतिहासाचे प्राध्यापक असतील तर ते सदाशिव पेठेतलं बोलतील. वीस-पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी हे कानांवर पडलं की माणसाला शहाणपणही उच्चारातूनच ऐकू यायला लागतं. त्या बाई मुद्दाम दुष्टपणाने बोलल्या असं मला वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटलं असेल, आणि मला वाईट वाटतं ते याचंच.

बाकीची चार उत्तरं गेली कुठे? ती बरोबर होती म्हणून गेली. असे कार्यक्रम कसे होतात ते पुण्यात शिकणाऱ्या माझ्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून मला कळलं. तो अशा एका चमूबरोबर वायरी गुंडाळायला जायचा. दिवसभरात तीस-चाळीस जणांना विचारतात, चार-पाच दाखवतात. बरोबर उत्तर देणारा माणूस त्यांच्या कामाचा नसतो. कॉलेजच्या फाटकापाशी उभं राहिलं की आधी बायकांकडे वळायचं, मग पिशवी घेऊन एसटीतून उतरलेल्यांकडे, असं त्याला सांगितलेलं होतं. टाय लावलेल्या माणसाला विचारायचं नाही, तो चिडतो.

आता त्याच दूरचित्रवाणीचा स्वतःचा भूगोल पाहू. दोन-तीन वर्षांमागे जुलैत आमच्या जिल्ह्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. जळगाव जामोदला पाणी शिरलं. जळगाव जामोद हा बुलडाणा जिल्ह्यातला तालुका आहे. खानदेशातलं जळगाव वेगळं, ते जिल्ह्याचं ठिकाण, रस्त्याने शंभराहून जास्त किलोमीटर लांब. एका वाहिनीने सकाळी सात वाजल्यापासून 'जळगाव पाण्यात' अशी बातमी चालवली, नकाशावर लाल ठिपका खानदेशातल्या जळगाववर लावला आणि निवेदकाने मागे गिरणा नदीचं वर्णन सुरू केलं. माझ्या चुलत नणंदेचं सासर जळगावला आहे. तिला दिवसभर फोन येत राहिले. तिच्या अंगणात ऊन होतं. आणि जळगाव जामोदच्या ज्या घरात खरंच कमरेएवढं पाणी होतं, तिथे माझी मावसबहीण धान्याची पोती माळ्यावर चढवत होती. तिला एकही फोन आला नाही, कारण सगळ्यांना वाटलं पूर दुसरीकडे आहे. दुपारी अडीचनंतर ठिपका हलला. 'सकाळी चूक झाली' असं कुणी म्हटलं नाही. ठिपका नुसता सरकला.

त्या ठिपक्यावर म्हशीचा आवाज लावला नाही कुणी.

ईशान्येबद्दल तर बोलायलाच नको. गुवाहाटीत पूर आला की 'ईशान्य भारत पाण्याखाली', मग तिथून पाचशे किलोमीटरवर काहीही असो. आठ राज्यं आहेत तिथे. तिथल्या मुलांना दिल्लीत, पुण्यात, बंगळुरूत चिनी म्हणतात, आणि २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत तर अरुणाचलच्या एका तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. मग सरकारने बेझबरुआ समिती नेमली. भूगोल न येण्याची गोष्ट मी किरकोळ समजत नाही, ती यासाठी.

आपल्याकडच्या प्रश्नमंजुषेचं उदाहरण घ्यायचं तर २०१९ चं घ्यावं. त्या सप्टेंबरात 'कौन बनेगा करोडपती'मध्ये सोनाक्षी सिन्हाला विचारलं गेलं की हनुमानाने संजीवनी कोणासाठी आणली. तिला सांगता आलं नाही, तिने मदत घेतली. मग दोन आठवडे देशभर तिच्या बुद्धीचा पंचनामा झाला, नटीला अक्कल नसते हे पुन्हा सिद्ध झालं. त्या प्रश्नातही भूगोल होता. तो पर्वत कुठला? उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांची श्रद्धा आहे की मारुतीने आपला पर्वत तोडून नेला, म्हणून त्या गावात मारुतीची पूजा करत नाहीत. हे ऐकायला कुणाला आवडलं नसतं? पण तिच्यावर हसणाऱ्यांतल्या एकाच्याही तोंडून मी द्रोणागिरीचं नाव ऐकलं नाही.

त्याच महिन्यात, त्याच खुर्चीत, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिन्याला १५०० रुपयांवर. त्या एक कोटी रुपये जिंकल्या. त्याआधी २०११ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचे सुशीलकुमार पाच कोटी जिंकले होते. त्यांचा शेवटचा प्रश्न निकोबार बेटांचा होता: १८६८ साली या बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणती वसाहतवादी सत्ता भारतातून बाहेर पडली? उत्तर डेन्मार्क. ज्या राज्याच्या माणसांवर पडद्यावर सर्रास विनोद होतात, तिथल्या माणसाने दिलेलं हे उत्तर आहे. माझ्या ओळखीच्या पदवीधरांना ते आलं नाही. मी विचारून पाहिलं आहे. मला कुणी अजून 'बायका आणि सामान्यज्ञान' असं लिहून बबिताताईंचा व्हिडिओ पाठवलेला नाही.

आमच्या विषयाची आमच्याकडेच किंमत किती, हेही सांगायला हवं. दहावीला भूगोलाची लेखी परीक्षा चाळीस गुणांची. बहुतेक शाळांत इतिहासाचे शिक्षकच भूगोल शिकवतात, कारण वेळापत्रकात दोन्ही एकत्र लिहिलेले असतात. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा दहावीचा एकच पेपर राहिला होता, २३ मार्चचा भूगोलाचा. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द केला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले. त्या परिस्थितीत दुसरं काही करता आलं नसतं, हे मला पटतं. पण मुलांनी फटाके फोडले आणि वाहिन्यांनी ते आनंदाची बातमी म्हणून दाखवलं, तेव्हा मी दूरदर्शन संच बंद केला. त्या मुलांच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना होती. ॲमेझॉनचं खोरं आणि गंगेचं खोरं शेजारी ठेवून त्यांनी वर्षभर अभ्यास केला होता. संग्रामपूरचं पोर मानाउस शहर नकाशावर दाखवू शकत होतं. ते दाखवायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

माझ्या विद्यार्थिनीचा तो व्हिडिओ अजून फिरतो. तिने मला पुण्याहून फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, मोठ्याने बोलत होती. म्हणाली, "बाई, मी चुकलो का? तुम्ही तर आंध्रच शिकवलं होतं."

मी आंध्रच शिकवलं होतं. तेव्हा आंध्रच होतं. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली यांच्या पलीकडची ती सीमा तेव्हा आंध्र प्रदेशाची होती, पुस्तकात तसं होतं, भिंतीवरच्या नकाशात तसं होतं. तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी झालं. शाळा उघडल्यावर मी स्टुलावर चढून वर्गातल्या मोठ्या नकाशावर काळ्या पेनाने नवी सीमा काढली, कारण नवा नकाशा यायला दीड वर्ष लागणार होतं. ती रेघ थोडी वाकडी आली, आदिलाबादपाशी शाई फुटली.

तिची बॅच मार्चमध्येच परीक्षा देऊन गेली होती.